पाचवीतली मुलगी ‘माका जमाचा नाय’ म्हणते तेव्हा

मालवणजवळच्या एका गावातून एका आईने विचारलं आहे. मुलगी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती, वर्गात सहा मुलं आणि त्यात ही पहिली. जूनपासून तालुक्याला हायस्कूलमध्ये जाते, तिथे वर्गात पन्नासच्या वर मुलं. दिवाळी आली तरी काय बिनसलंय ते कळत नाही, पण काहीही करायला सांगा, उत्तर ठरलेलं: ‘माका जमाचा नाय.’ गणिताची वही दप्तराच्या तळाशी लपवते. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा सराव पेपर म्हटलं की पोटात दुखतं. ‘आम्ही रोज सांगतो, तू हुशार आहेस, मनात आणलंस तर काहीही करशील. पण पालथ्या घड्यावर पाणी. तिच्यात जिद्द आणि आत्मविश्वास कसा आणायचा?’

ताई, ‘तू हुशार आहेस’ हे आधी बंद करा. ऐकायला विचित्र वाटेल, पण अशा मुलांच्या घरी हे वाक्य मला हमखास सापडतं. मुलगी रोज वर्गात बघते की आपल्याला येत नाही, आणि घरी ऐकते की आपण हुशार आहोत. दहा वर्षांच्या पोरीलाही एवढं कळतं की यातलं काहीतरी खोटं आहे. मग ती आपला निष्कर्ष काढते: आईबाबांना अजून खरं माहीत नाही, कळलं तर त्यांना काय वाटेल? म्हणून वही लपते.

अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्याच वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना आधी झेपतील अशी कोडी दिली. नंतर काहींना म्हटलं, ‘हुशार आहेस हं’, काहींना म्हटलं, ‘मेहनत घेतलीस.’ त्यानंतर मुद्दाम खूप अवघड कोडी दिली, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी. ‘हुशार’ मुलं शेवटच्या फेरीत आधीपेक्षा खाली घसरली, ‘मेहनत’वाली वर गेली. याहून बोलका भाग पुढचा आहे. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवा म्हटल्यावर ‘हुशार’ गटातल्या जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. तुमच्या मुलीने वही लपवली, त्यांनी गुण लपवले. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमान यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ज्या मुलांचा स्वतःवर आधीच कमी भरवसा असतो, त्यांच्या चित्राचं आभाळाएवढं कौतुक केलं की ती पुढच्या वेळी सोपं चित्र निवडतात. एवढं कौतुक झाल्यावर पुन्हा तिथवर पोचायचं दडपण येतं, त्यापेक्षा सोपं घेतलेलं बरं.

पण म्हणून लगेच ‘तू मेहनती आहेस’ असा जप सुरू करू नका. भिंतीवर सुविचार लावून मुलं बदलत नाहीत. ‘प्रयत्नाने बुद्धी वाढते’ हे मुलांना शिकवण्याच्या उपक्रमांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा गुणांवर सरासरी फारच थोडा परिणाम दिसला होता. बोलण्याने थोडंफार होतं. बाकीचं वहीत व्हावं लागतं, तिकडे मी येतेच. त्याआधी जूनबद्दल.

काय बिनसलंय ते कळत नाही असं तुम्ही म्हणता, पण मला ते तुमच्या प्रश्नातच दिसतंय. सहांत पहिली असलेली आणि पन्नासांत तिसावी असलेली मुलगी एकच. मुलं स्वतःची किंमत शेजारच्या बाकावर बघून ठरवतात. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श १९८० च्या दशकापासून हे मांडत आले आहेत: तेवढ्याच कुवतीचं मूल वरचढ मुलांच्या वर्गात गेलं की अभ्यासाबाबत त्याचा स्वतःवरचा भरवसा उतरतो. आपल्या कोकणात तर वीसच्या आत पटसंख्या असलेल्या शाळा वाडीवाडीला आहेत. तिथून हायस्कूलला आलेली पोरं पावसाळाभर गांगरलेली असतात. बहुतेक सावरतात. न सावरणाऱ्यांनी त्या गांगरण्याचा एकच अर्थ लावलेला असतो, की मीच ढ आहे. तिला दुसरा अर्थ द्या, आणि तो खरा आहे: ‘तू होतीस तेवढीच आहेस, वर्ग मोठा झालाय. तिकडे बाई सहाही जणांना जवळ घेऊन बसायच्या. इथे अडलं तर हात वर करून सांगावं लागतं, आणि ते तुला कधी करावंच लागलं नव्हतं.’ हात वर करणं ही शिकायची गोष्ट आहे हे कळलं तरी मुलांचा जीव निम्मा भांड्यात पडतो.

आणखी एक गोष्ट हळूच विचारून बघा. वर्गात तिच्या बोलण्याला कोणी हसतं का? घरी मालवणी बोलणारी मुलं शाळेत उत्तर देताना एकदा ‘माका’ म्हणून जातात, मागच्या बाकावर खसखस पिकते, आणि नंतर येत असलेलं उत्तरही ती देत नाहीत. बाईंना वाटतं अभ्यास केला नाही. असं असेल तर गणिताची शिकवणी लावून काही होणार नाही. तिला सांगा की घरची भाषा घरी आणि मैत्रिणींशी ताठ मानेने बोलायची, आणि वर्गात उत्तर देण्यासाठी दोनतीन वाक्यं तयार ठेवायची: ‘बाई, मला ही पायरी समजली नाही.’ घरी मोठ्याने म्हणून घ्या. वाक्य तोंडात बसलेलं असलं की वेळेवर जीभ अडखळत नाही.

डोळे तपासलेत का? सहा मुलांच्या वर्गात फळा हातभरावर होता. पन्नासच्या वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असेल आणि फळ्यावरचा ३ तिला ८ दिसत असेल, तर जगातला कोणताही आत्मविश्वास तिची वजाबाकी बरोबर आणणार नाही. हे पहिल्या आठवड्यातच करून टाका.

आता मूळ प्रश्न. आत्मविश्वास आधी येतो आणि मग काम जमतं, असं आपण सगळे धरून चालतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेलंही तेच सांगतं. ‘हे मला जमेल’ असं माणसाला चार कारणांनी वाटतं: स्वतः करून जमलेलं असतं म्हणून, आपल्यासारख्याच कोणाला जमताना पाहिलं म्हणून, भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून, आणि त्या घडीला अंग शांत असतं म्हणून. यात पहिलं कारण सगळ्यांत भक्कम. घरोघरी मात्र सगळा जोर तिसऱ्यावर असतो.

तेव्हा आधी शोधा, तिला काय ‘करून जमलेलं’ आहे. किनाऱ्यावरची मुलगी आहे, बहुधा पोहत असेल. एका संध्याकाळी गणिताचा विषयही न काढता विचारा, तू पोहायला कशी शिकलीस गो? मी मुलांना हे विचारते तेव्हा आधी ‘अशीच’ हे उत्तर येतं. थोडं खोदलं की बाहेर पडतं: ‘पप्पांनी कमरेक सुके नारळ बांधल्यानी. मगे एक काढल्यानी. नाकातोंडात पाणी गेला.’ मग? ‘मगे दुसऱ्या दिवशी परत.’ पहिल्यांदा नारळ सोडला तेव्हा काय वाटलं? ‘बुडतलंय असा वाटला.’ आणि बुडलीस? ‘नाय.’ इथेच थांबा. ‘बघ, तसंच गणिताचं’ हे वाक्य तुमच्या तोंडून अजिबात निघता कामा नये. ते तिला आपोआप उमजू द्या, चार दिवसांनी उमजलं तरी चालेल. भीती वाटत असताना केलेलं, एकदा फसलेलं आणि तरी पुढे जमलेलं काहीतरी आपल्या खात्यावर आहे, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एवढं पुरे.

मग वही. लपवलेली वही मागताना रागावू नका, आणि गुण तर बघूच नका. चुका बघा, पण ढिगाने नाही, प्रकाराने. भागाकाराचं पान उघडा. ८१६ ला ८ ने भागायचंय. पाचवीतली कितीतरी मुलं उत्तर १२ लिहितात. आठ एके आठ, बाकी काही नाही. पुढचा १ खाली घेतला, त्याला आठाने भाग जात नाही. इथे भागाकारात शून्य लिहून ६ खाली घ्यायचा असतो. ते शून्य राहून जातं, मुलं थेट सोळाला हात घालतात, आठ दुणे सोळा, आणि उत्तर १०२ ऐवजी १२. पाच गणितांतली तीन अशी शून्यवाली असली की पानावर तीन लाल फुल्या. बाईंच्या हाताखाली पन्नास वह्या, शेरा ‘सराव करा’. मुलगी त्या फुल्या बघून म्हणते, मला भागाकार येत नाही. खरं तर तिला भागाकार येतो. पाढे येतात, वजाबाकी येते, अंक खाली घेणं येतं. एक शून्य लिहायचं राहतं.

घोडं कुठे पेंड खातंय हे कळल्यावर त्या एका जागेवर काम करा. ८१६, ६१२ भागिले ६, ९२७ भागिले ९, अशी तीनच गणितं रोज द्या. आधी तिलाच अंदाज करायला लावा: आठशेला आठाने भागलं तर साधारण किती? शंभर. मग १२ कसं असेल? आपली चूक आपल्याला पकडता येते, हे मुलाच्या हातात एकदा आलं की फुलीची धास्ती निम्म्याने उतरते, कारण फुली आता बाईंच्या आधी तिलाच दिसते. शाबासकीही त्याच मापाची द्या: ‘आज तिसऱ्या गणितात शून्य तू स्वतः पकडलंस.’ यात कौतुकाचा एकही शब्द नाही, पण हे तिला खोडून काढता येत नाही. ‘हुशार’ खोडता येतं.

आठवड्याने त्या तीन गणितांत एखादं न झेपणारं घाला. हे मुद्दाम करायचं. सोपं सोपं देऊन मुलाला खूश ठेवण्याचा मोह फार होतो, आणि शिकवण्यांत सर्रास तेच चालतं. ड्वेक यांचाच १९७५ चा एक छोटा प्रयोग आहे. अपयश आलं की हातपाय गाळणाऱ्या मुलांच्या एका गटाला फक्त जमणारी गणितं दिली. दुसऱ्या गटाला मधूनमधून न जमणारी दिली आणि तिथे सांगितलं की जोर कमी पडला. पुढे खरोखर अडलं तेव्हा पहिला गट पूर्वीसारखाच कोसळला, दुसरा टिकून राहिला. न जमण्याचीही सवय लागते, फक्त तेव्हा शेजारी कोणीतरी शांत माणूस हवं.

चिकाटीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. रात्री दहापर्यंत वहीवर बसवून ठेवणं म्हणजे चिकाटी नव्हे, त्याने फक्त गणिताचा तिटकारा येतो. तीच चूक तशीच वीसदा केली तर ती पक्की होते. मी घरच्यांना सांगते, पंधरा मिनिटं. तेवढ्यात अडलं तर तीन गोष्टी करायच्या: गणित पुन्हा मोठ्याने वाचायचं, आकडे लहान करून बघायचं, नाहीतर जिथे अडलं तिथे पेन्सिलीने गोल करून उठायचं. गोल केलेली जागा दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायची. वही अर्धी राहिली तरी ती हरलेली नाही, तिने प्रश्न नेमका केलाय. ‘मला गणित येत नाही’ आणि ‘मला इथून पुढे कळत नाही’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, दुसऱ्याला उत्तर देता येतं.

पोटदुखी खरी असते, ढोंग म्हणू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा. काही नाही निघालं तर ती भीतीची आहे असं धरा. अशा वेळी ‘राहू दे, पेपर नको’ म्हटलं की दुखणं पाच मिनिटांत थांबतं आणि पुढच्या वेळी दुप्पट जोराने येतं, कारण पोटाला कळलेलं असतं की सुटका कशी होते. सूट द्या, पण पूर्ण सुट्टी देऊ नका. नवोदयच्या पेपरात ८० प्रश्न, दोन तास, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. पहिल्या दिवशी भाषेतला एकच उतारा आणि त्याखालचे पाच प्रश्न, घड्याळ न लावता. तेवढं पोट न दुखता झालं की दोन उतारे. मग भाषेचा पूर्ण विभाग. गणिताला हात नंतर, आणि घड्याळ अगदी शेवटी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही तिला सांगून ठेवा, घाबरट मुलं उत्तरपत्रिकेवरचे गोल उगीच रिकामे सोडतात. आणि एक आकडा तुम्हीही लक्षात ठेवा: सांगेलीच्या नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, तीही साऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून. नंबर न लागणाऱ्यांची रांग कितीतरी लांब असते. ‘लागला तर उत्तम, तयारी मात्र सहावीच्या गणिताला कामी येणारच’ एवढंच धोरण ठेवा, आणि ते मनापासून ठेवा. मुलांना आपला चेहरा वाचता येतो.

थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगाव्यात का, असं पालक विचारतात. सांगाव्यात, पण आधी वाडीतली सातवीतली एखादी ताई गाठा, जिला पाचवीत असंच रडू यायचं. आपल्याएवढ्या कोणाला तरी जमलेलं पाहून मुलाला जेवढा धीर येतो तेवढा पुतळ्यांकडे बघून येत नाही. तरी महर्षी कर्व्यांची एक गोष्ट मी सोडत नाही. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा कमालीचा बुजरा होता, त्यांनीच तसं लिहून ठेवलंय. १८७५ मध्ये सतराव्या वर्षी भर पावसात सह्याद्री ओलांडून ते परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले, आणि तिथे ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या वाटेने परत. मॅट्रिक झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. भारतरत्नाचा भाग मी मुलांना सहसा सांगतच नाही. मी विचारते, साताऱ्याला ते नापास झाले का? मुलं विचार करून म्हणतात, नाही, त्यांना तर एकही प्रश्न विचारला नव्हता. मग ‘नाही’ कशाला मिळालं? वयाला, दिसण्याला. आपल्याला मिळालेला प्रत्येक नकार आपल्या अकलेला मिळालेला नसतो, हे दहा वर्षांच्या मुलाला असं उलगडून दाखवावं लागतं.

घरातल्या मोठ्यांशीही बोलून घ्या. कोकणी माणसाचा खवचटपणा मला प्रिय आहे, पण तो बरोबरीच्यांत शोभतो. ‘आमच्यात गणित कोणाकच येणा नाय’ असं आजी हसत हसत म्हणते, तिच्या मनात काही नसतं, पण नातीला आयतं कारण मिळतं. त्यात दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला ही दरवर्षीची बातमी. २०२४ मध्ये तो निकाल ९९.०१ टक्के होता. अभिमान जरूर बाळगा, पण सगळेच पास होतात अशा हवेत अडखळणाऱ्या मुलाला वाटतं की अडखळणारं आपण एकटेच. मे महिन्यात मुंबईकर आले आणि ‘कितवा नंबर?’ सुरू झालं, की विषय तुम्ही बदला. मुलीला त्या प्रश्नासमोर एकटीला उभी करू नका.

इतकं करूनही दीडदोन महिन्यांत काहीच हललं नाही, अक्षरं-आकडे सतत उलटसुलट होत असतील, किंवा मौखिक येतं आणि लिहिताना सगळं कोसळतं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारलंत तर पुढे कुठे जायचं ते सांगतील. झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेला जाणंच बंद केलं किंवा ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलली, तर दीड महिनाही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीतून बोलता येतं, फोन मोफत आहे.

वर्गशिक्षिकांना मात्र लगेच भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका आणि ‘जरा सांभाळून घ्या’ असंही म्हणू नका, पन्नास मुलांच्या बाई त्याचं काय करणार? एकच नेमकी विनंती करा: काही दिवस तिला फळ्यापाशी अचानक बोलवू नका, उद्या कोणतं गणित विचारणार ते आदल्या दिवशी तिच्या कानात सांगून ठेवा. ती घरून करून येईल, फळ्यावर सोडवेल, आणि बाकी मुलांना यातलं काही कळणारही नाही. दोन आठवड्यांनी आदल्या दिवसाऐवजी त्याच दिवशी सकाळी सांगायचं, त्यानंतर तासाच्या सुरुवातीला. बहुतेक बाई याला आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांचाही वेळ वाचतो.